चार ट्रॉल्या शेणखताचे वीस हजार वसूल होतात का? काळ्या जमिनीच्या आरोग्याचा रुपयांतला हिशेब

एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कळमेश्वर तालुक्यात साडेपाच एकर कोरडवाहू शेती. त्यातली साडेतीन एकर भारी काळी, दोन एकर उताराची बरड, म्हणजे उथळ मुरमाड. पिकं कपाशी-तूर आणि सोयाबीन-हरभरा. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन) ०.३८ टक्के आला. शेणखताची ट्रॉली शेतापर्यंत पाच हजारांना पडते, म्हणजे एकरी चार ट्रॉल्यांचे वीस हजार. 'जमिनीचं आरोग्य सुधारा' असं सगळे सांगतात, पण हा पैसा परत कसा येतो, हे कोणी मांडून दाखवत नाही.

तर मांडू. आणि आधी हेही मान्य करू की तुमची शंका बरोबर आहे.

चार ट्रॉल्या म्हणजे साधारण १० टन. बऱ्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) पाव टक्का, पालाश (पोटॅश) अर्धा टक्का धरतात. म्हणजे ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, ५० किलो पालाश. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना आहे, तिच्यात २०.७ किलो नत्र. नत्राचा किलो पडला तेरा रुपयांच्या आत. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना, तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे पैसे वजा केले की स्फुरदाचा किलो सुमारे ५४ रुपयांना पडतो. पोटॅशची गोणी १,६०० रुपये धरली तर पालाशचा किलो ५३ रुपयांच्या आसपास. सगळं मिळून तुमच्या वीस हजारांच्या शेणखतात खताच्या भावाने जेमतेम पावणेपाच हजारांचं अन्नद्रव्य आहे. तेही पहिल्याच वर्षी सगळं मिळत नाही. नत्राचा चौथा-तिसरा हिस्सा पहिल्या पिकाला लागतो, बाकी हळूहळू.

कर्बाचंही तसंच. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर काळ्या मातीचं वजन साधारण ८ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. १० टन शेणखतात निम्मं पाणी, उरलेल्या ५ टनांत कर्ब हजार-अकराशे किलो. आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात त्याचा बराचसा भाग दोन-तीन वर्षांत कुजून हवेत जातो. मागे राहतो तो पाचवा-सहावा हिस्सा, म्हणजे दोनशे किलो. दरवर्षी वीस हजार घालत गेलात तरी ०.३८ चा ०.४८ व्हायला चार वर्षं आणि ऐंशी हजार रुपये लागतात, आणि तेही जुना कर्ब जागचा हलला नाही असं धरून. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणारी बाटली किंवा पिशवी कोणी विकत असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

मग जमिनीच्या आरोग्यात पैसा नाही का? आहे, आणि भरपूर आहे. पण तो युरियाच्या बचतीत शोधला तर सापडत नाही, कारण अनुदानामुळे युरिया फार स्वस्त आहे. कर्ब ०.४ वरून ०.६ वर गेला तर जमीन दरवर्षी एकरी तीन-चार किलो नत्र जास्त सोडेल. त्याची किंमत पन्नास रुपये. कोरडवाहू काळ्या जमिनीत खरा पैसा तीन जागी असतो: पावसाचा खंड पीक किती दिवस सोसतं, पावसानंतर वाफसा (रानात मशागत करता येईल इतपतच ओल) किती लवकर येतो, आणि जमिनीत आधीच साठलेला स्फुरद तुम्ही परत विकत घेता की नाही.

पहिली जागा खोलीची, आणि ती सगळ्यात मोठी. काळी माती दर १० सेंटिमीटर खोलीला पिकाला घेता येईल असं सुमारे १५ मिलिमीटर पाणी धरते. भर वाढीतलं सोयाबीन दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी उचलतं. तुमच्या बरड तुकड्यात खाली मुरूम लागेपर्यंत एक फूट माती असेल तर साठा ४५ मिलिमीटर. ९ ते ११ दिवसांत संपला. भारी तुकड्यात मुळं दोन फूट खाली गेली तर हाच साठा १८ ते २२ दिवसांचा. नागपूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो हप्त्याने पडत नाही. ऑगस्टच्या शेवटी शेंगा भरताना दोन-अडीच आठवड्यांचा खंड पडला की दोन तुकड्यांतला फरक बांधावरूनच दिसतो. हिशेबासाठी धरा की अशा वर्षी कमजोर तुकडा एकरी ४ क्विंटलवर थांबला आणि खोल मुळांच्या तुकड्याने ६ दिले. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. बाजारात त्याखाली विकावं लागतं म्हणून ४,५०० धरू. फरक ९,००० रुपये. असं वर्ष तीनातून एकदा आलं तर वर्षाला ३,००० रुपये एकरी. चांगल्या पावसाच्या वर्षी दोन्ही तुकडे सारखेच पिकतात, म्हणून सरासरी उत्पादन बघणाऱ्याला हा पैसा दिसत नाही. वाईट वर्षाचा आकडा बघावा लागतो.

आता यात एक फसगत आहे. भारी जमिनीतसुद्धा मुळं दोन फूट जातातच असं नाही. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरला, ओल्या रानात ट्रॅक्टर घातला, की १२ ते १५ सेंटिमीटरवर दाबलेला कठीण थर तयार होतो. तपासायला आठ मिलिमीटरची लोखंडी सळई पुरते. चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस झाल्यावर ती हाताने सरळ दाबा. आधी धुऱ्यावर (बांधावर) गवतात, मग शेतात पाच-सहा ठिकाणी. धुऱ्यावर सळई सहज जाते आणि शेतात वीतभर जाण्याआधीच अडते, तर थर आहे. खात्री करायची तर कपाशीचं झाड उपटू नका, कुदळीने बाजूने खणून काढा. सोटमूळ सरळ खाली न जाता काटकोनात वळून आडवं पसरलेलं दिसलं की खालची फूटभर माती तुमच्या नावावर असूनही पिकाच्या उपयोगाची नाही, हे पक्कं समजा. त्यावर उपाय सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार: एप्रिल-मे महिन्यात, जमीन पूर्ण कोरडी असताना, तीन-चार वर्षांतून एकदा. ओलीत चालवला तर थर फुटत नाही. फाळ लोण्यातून सुरी जावी तसा जातो आणि बाजूची माती उलट लिंपली जाते. आणि जिथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या खोल भेगा पडतात, तिथे आधी सळई लावूनच ठरवा. त्या भेगा तुमचं अर्ध्या नांगरटीचं काम पैसे न घेता करून देत असतात.

बरड तुकड्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे खोलीच कमी आहे, आणि आहे तीही उतारावरून जाते. एका एकरावरून एक मिलिमीटर माती वाहिली तर ती पाच टनांहून जास्त भरते, दोन ट्रॉल्या, आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. पावसाळ्यात खालच्या बांधाजवळच्या नालीत साचलेला मऊ गाळ चिमटीत घेऊन बघा: खडा नाही, सगळी बारीक, चिकट, काळी माती. शेतातला सगळ्यात महाग भाग आधी जातो, जाड खडे मागे राहतात. म्हणून बरडात पहिला रुपया शेणखतावर नको, पाणी अडवण्यावर घाला. पेरणी उताराला आडवी. सोयाबीन बीबीएफने, म्हणजे चार ओळींचा गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी. यंत्र मिळत नसेल तर पीक महिन्याचं असताना डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे फाळ धरणाऱ्या दांड्यांना, दोरी गुंडाळून दर चार-सहा ओळींनंतर सरी काढा. हे काम डवरणीबरोबरच होतं, वेगळा खर्च जवळपास नाही. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. एका मोठ्या पावसातला २० मिलिमीटर जरी वाहून जाण्याऐवजी मुरला तरी ८० हजार लिटर पाणी तुमच्या मुळांखाली आलं.

तलावाचा गाळ मिळत असेल तर तो बरडालाच द्या, भारी जमिनीला नको. हिशेब आधी करा: एकरावर ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे २०० घनमीटर, तीन घनमीटरच्या ट्रॉलीने ६५ ते ७० खेपा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत २०१७ पासून गाळ उचलायला मुभा आहे, पण वाहतुकीचं गणित अंतरावर बसतं. तलाव दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर जमतं. दहा किलोमीटरवरून कोरडवाहू पिकासाठी गाळ आणणं, माझ्या मते, परवडत नाही. आणायच्या आधी गाळाचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा, आणि तो नुसता पसरून सोडू नका. वखराने खालच्या मुरमाड मातीत मिसळला नाही तर पहिल्या पावसात वर पापडी धरतो.

दुसरी जागा वाफशाची. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन प्रचंड पाणी धरते असं सर्रास सांगितलं जातं. वाळूच्या जमिनीत फरक मोठा पडतो. आपल्या चिकण काळ्या जमिनीत आधीच इतकं पाणी मावतं की कर्बामुळे वाढणारा साठा थोडाच असतो. काळ्या जमिनीत कर्बाचं काम दुसरं आहे. तो मातीचे कण धरून ठेवतो, पाणी आत शिरायला वाट ठेवतो, जादा पाणी खाली जाऊ देतो. पाऊस उघडल्यावर डवरा कोणत्या दिवशी चालेल, हे त्यावर ठरतं.

समजा जुलैमध्ये उघडीप चार दिवसांची आहे. एका तुकड्यात तिसऱ्या दिवशी वाफसा आला आणि डवरणी झाली. दुसऱ्यात पाचव्या दिवशी येणार होता, तोवर पुन्हा पाऊस. तिथे तण दोन पानांवरून वीतभर होतं आणि मग निंदणाला आठ-दहा बाया लागतात. तीनशे रुपये रोज धरला तर एका चुकलेल्या डवरणीचे अडीच-तीन हजार एकरी. शिवाय तणाने खाल्लेलं खत आणि पिवळं पडलेलं पीक वेगळंच.

हे घरी पाहायची एक सोपी तपासणी आहे. शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ आणि धुऱ्यावरचं तेवढंच ढेकूळ, काचेच्या दोन ग्लासांत पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. धुऱ्यावरचं ढेकूळ बऱ्याच वेळ आकार धरून राहतं, बुडबुडे सोडतं, कडेने थोडं सुटतं. शेतातलं पाच मिनिटांत ढासळून तळाशी चुरा झालं, तर त्या मातीला बांधणारं काही उरलेलं नाही. पहिल्या जोरदार सरीत तिचीच पापडी होते. आणि चुरा होऊन वरचं पाणी दोन तासांनंतरही दुधासारखं गढूळ राहिलं, तर प्रश्न कर्बाचा नाही, सोडियमचा आहे. तिथे शेणखत ओतण्याआधी सामू आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेलं) सोडियम तपासून घ्या. सामू साडेआठच्या वर असेल तर जिप्समचा विचार करावा लागतो आणि त्याची मात्रा अहवालावरूनच ठरते, अंदाजाने नाही.

भारी तुकड्यात वाफसा लवकर यायला कर्बाच्याही आधी निचरा. बीबीएफच्या सरीला अगदी थोडा उतार आणि शेवटी पाणी निघायला गवताची वाट हवी. बंद सरी बरडात चालते. भारी जमिनीत तीच सरी तळं होते, आणि पाण्यात उभ्या असलेल्या कपाशीला दिलेला युरिया हवेत उडून जातो.

तिसरी जागा स्फुरदाची, आणि इथे पैसे लगेच हातात येतात. पेरणीबरोबर डीएपी दरवर्षी ठरलेली गोणी म्हणून पडते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पहिल्या पिकाला त्यातला स्फुरद पंधरा-वीस टक्केच लागतो, बाकी साठत जातो. साधा नियम असा: अहवालात अन्नद्रव्य 'कमी' असेल तर शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त, 'मध्यम' असेल तर शिफारशीइतकं, 'जास्त' असेल तर २५ टक्के कमी. तुमच्या अहवालात स्फुरद हेक्टरी किती किलो आला, ते प्रश्नात लिहिलेलं नाही, पण कर्बाआधी तो आकडा बघा. सोयाबीनला डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर स्फुरदाबरोबर गंधकही मिळतं. गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर ते दाण्यात आणि तेलात दिसतं. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर झिंक सल्फेट एकरी १० किलो, दर दोन-तीन वर्षांनी एकदा. डीएपीत मिसळून देऊ नका, दोन्ही एकमेकांना बांधतात.

अहवाल खरा यायला नमुना खरा हवा. नमुना एप्रिल-मेमध्ये, खत टाकण्याआधी. भारी आणि बरड तुकड्याचे वेगळे नमुने. एकत्र केलेत तर जो आकडा येईल तो दोन्हीपैकी कुठल्याच रानाचा नसेल. नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा, आतली माती टाकून द्यायची, मग एका बाजूचा दोन बोटं जाडीचा काप वरपासून खालपर्यंत घ्यायचा. धुरा, झाडाखालची सावली, उकिरड्याची जागा, गोठ्याची वाट टाळा. खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळवू नका. त्या गोणीतला युरिया अहवालात येतो. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा, सावलीत वाळवा.

आता कर्ब स्वस्तात कुठून आणायचा. शेणखताचा कर्ब तुम्हाला किलोला १८ रुपयांना पडतो आहे. तुमच्या कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली झाडं, एकरी वाळलेली १० ते १५ क्विंटल असते. १२ धरली तर कर्ब सुमारे ५०० किलो. तिचे तुकडे करणाऱ्या श्रेडर यंत्राचं भाडं एकरी दोन हजार लागलं तरी किलो चार रुपयांना. पऱ्हाटी पेटवण्यात हेच पाचशे किलो आणि त्यातलं नत्र-गंधक धुरात जातं.

पण पऱ्हाटीत तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला गुलाबी बोंडअळीचा. फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जादा वेचणी) घेतली, किडकी बोंडं झाडावर तशीच ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये श्रेडर फिरवला, तर अळीची सोय आपणच केली. डिसेंबरअखेर वेचणी संपवा, उरलेली किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करा किंवा शेळ्या-मेंढ्या चारा, मग तुकडे करा. दुसरा ओलाव्याचा: जानेवारीच्या कोरड्या मातीत पऱ्हाटी कुजत नाही, गाडली तरी मे महिन्यात तशीच निघते. पाणी द्यायची सोय नसेल तर बोटभर लांबीचे तुकडे वर पसरून ठेवा आणि वळवाच्या पावसानंतर वखराने मिसळा, किंवा विहिरीजवळ ढीग घालून ट्रायकोडर्मा, शेणकाला आणि पाणी देऊन कुजवा. ढिगातला मूठभर माल पिळला की हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. तिसरा नत्राचा: लाकडी काडी कुजताना मातीतलं नत्र उचलते आणि नव्या पिकाची खालची पानं पिवळी पडतात. टन काडीमागे ८ ते १० किलो युरिया द्या, म्हणजे शंभर रुपयांच्या आत काम होतं.

कपाशीच्या दोन ओळींत ताग पेरून ३५-४० दिवसांनी, फुलावर यायच्या आत कापून तिथेच आच्छादन केलं तर आणखी हिरवा माल मिळतो, आणि तणही दबतं. स्वतंत्र हिरवळीच्या पिकाला मात्र कोरडवाहूत अख्खा खरीप द्यावा लागतो; तुमच्यासारख्या साडेपाच एकरांच्या शेतीला तो सौदा मी सांगणार नाही. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकत असाल तर भाव ठरवताना लक्षात ठेवा की त्याबरोबर पालाशही शेताबाहेर जातो.

शेणखत बंदच करा असं नाही. घरचं असेल तेवढं टाका, विकतचं घ्यायचं तर सळई अडते आणि ढेकूळ लगेच विरघळतं अशा पट्ट्यातच. ट्रॉली मोजताना ओलं आणि दगड-मातीचं वजन बघा. अर्धवट कुजलेलं घेतलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी शेतात येतं. मे महिन्यात ढिगूळ्या घालून तीन-तीन आठवडे उन्हात ठेवायची सवय इकडे सगळीकडे आहे. त्या दिवसांत नत्र अमोनिया होऊन उडतं आणि शेतात पोहोचतो तो सुकलेला चोथा. पसरलं की त्याच दिवशी वखर.

तुमच्याकडचे एका एकराचे वीस हजार मी साडेपाच एकरांवर असे वाटेन: दोन वेगळे माती नमुने, अडीच-तीन एकर कपाशीला श्रेडर, बरडात बांध दुरुस्ती आणि आडवी पेरणी, भारी तुकड्यात बीबीएफ आणि पाण्याची वाट, सळई अडली असेल तर एकदा सबसॉयलर. उरले तर एक-दोन ट्रॉल्या सगळ्यात कमजोर पट्ट्याला. वही ठेवा, तुकडावार: पाऊस उघडल्याची तारीख, डवरा चालल्याची तारीख, निंदणाची मजुरी, क्विंटल. वाफसा एका दिवसाने लवकर येऊ लागला की ते कर्बाच्या अहवालाआधी या वहीत दिसेल.

शेजारचं रान ठेक्याने करत असाल किंवा तुमचं कोणाला देत असाल तर आणखी एक गोष्ट. वर्षाच्या ठेक्यावर पऱ्हाटी कोणी कुजवत नाही आणि बांध कोणी बांधत नाही, कारण फायदा तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला मिळतो. ठेका किमान चार-पाच वर्षांचा करा, पऱ्हाटी जाळायची नाही आणि बांध फोडायचा नाही ही अट कागदावर घ्या, आणि सुरुवातीचा माती अहवाल त्या कागदाला जोडा. शेवटचा नमुना त्याच जागेतून, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत द्या. ०.३८ चा ०.४१ आला तर त्यावरून भांडू नका, तेवढा फरक नमुना घेण्यातच पडतो, ०.३८ चा ०.३० आला तर पुढच्या ठेक्याची रक्कम ठरवताना तो कागद समोर ठेवा.